हडळीने कापलेलं केळं

त्या सकाळी आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. चोपडा तालुक्यातलं आमचं गाव तसं मोठं कामसू. कापूस वेचायला बोलावलं की सगळ्यांचे गुडघे दुखतात. पण हडळ बघायची म्हटल्यावर म्हातारेकोतारेसुद्धा उड्या मारत आले. हे १९३५ साल. धुळ्यात रेडिओ वाजत होता आणि आमच्याकडे धनसिंग महाराज.

मधोमध माझी भावजय तानु बसली होती. ओली बाळंतीण, केस मोकळे, नजर जमिनीत. तिचं बाळ माझ्या मायच्या मांडीवर. समोर भगत धनसिंग, कपाळभर शेंदूर फासून. त्याच्या बाजूला शेगडी, आणि शेगडीत तापायला ठेवलेला विळा.

तानुच्या खाटेवर त्याने आदल्या दिवशी एक केळं टांगलं होतं, मंतरलेलं. ते त्याने उंच धरलं.

"बठ्ठा देखा! सालले चीर शे का? वरखडा शे का?"

"नही, महाराज!"

त्याने साल सोलली. आतल्या केळ्याच्या चकत्या टपाटपा त्याच्या तळहातावर पडल्या. बायका किंचाळल्या.

"हडळना नख शेतस हाई! आज केय कापं, सकाय पोऱ्यानं काळीज कापी! तीन डाग देवाशिवाय ती निंघाव नही!"

विळ्याचे तीन चटके म्हटल्यावर गर्दीने हात जोडले. माझ्या मुठी वळल्या. कारण हे केळं मी आधी एकदा पाहिलं होतं.

तीन वर्षांपूर्वी माझी मोठी बहीण ताईबाई बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, गोरीपान. आठवड्याभरात ताई गप्प झाली. जेवेना, झोपेना, पोरगी रडली तर भिंतीकडे तोंड करायची. मायने याच धनसिंगाला बोलावलं. हेच केळं, हाच विळा. ताईने डाग सोसले आणि दुसऱ्या दिवशी मळ्यातल्या विहिरीत उडी घेतली. धनसिंग म्हणाला, "माले उशिरा बलावं." गाव म्हणालं, हडळ घेऊन गेली.

ती केळ्याची साल मी तेव्हा उचलून पाहिली होती. एका कडेला काळे ठिपके, ओळीने, शिवणीच्या टाक्यांसारखे. मायला दाखवली, तर ती म्हणाली, "नर्स व्हयनी म्हनीसन देवले शिकाडस का?" मी धुळ्याच्या दवाखान्यात नर्स आहे. घरात माझ्या शब्दाला किंमत नव्हती, पण माझी स्मरणशक्ती शाबूत होती.

या खेपेला मी आदल्या दिवशीच पोचले होते. तानुजवळ बसले, तिचा हात धरला. तेव्हा ती पुटपुटली, "माले मन्हीच भीती वाटस, बाई. पोऱ्याजोडे माले एकली नका ठेवा. मी वाईट माय शे."

ताई असंच बोलली असती, कुणी ऐकलं असतं तर.

भाऊ लोटनला म्हटलं, हा आजार आहे, हिला डॉक्टरकडे नेऊ. तो म्हणाला, "माय म्हनी तसं." आणि माय म्हणाली, "मांगे उशीर व्हयना व्हता, आते नको." एक लेक गमावलेली बाई त्याच माणसाच्या पायाशी सून घेऊन बसली होती. तेव्हा मी बोलणं थांबवलं. मळ्यातून एक पिकलं केळं तोडून आणलं आणि गोधडीची लांब सुई काढली.

विळा लाल झाला. धनसिंगाने तो उचलायला हात पुढे केला, तशी मी पदर सावरून पुढे झाले.

"महाराज, सकाळपासून उपाशी आहात. आधी आमच्या मळ्याचा प्रसाद घ्या."

भक्तिणीचा चेहरा करायला मला बरेच कष्ट पडले. फुकटचं खायला त्याला कधीच कष्ट पडत नसत. त्याने केळं घेतलं, सगळ्यांसमोर सोललं, आणि चकत्या त्याच्या धोतरावर पडल्या.

गर्दी दोन पावलं मागे सरली. धनसिंगाने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं, आणि तोंड उघडायची सोय नव्हती. तीन वर्षं मी याच नजरेची वाट पाहत होते.

"हडळ... हडळ निंघनी!" तो अडखळला. "बाईले सोडं तिनी!"

"सोडलं ना? मग आता तुम्हाला धरलंय," मी म्हटलं. "नाना, महाराजांना वाचवा! उशीर नको व्हायला."

उखर्डू नाना म्हणजे आमच्या गावचे पोलीसपाटील, अंगाने रेड्यासारखे आणि पक्के भाविक. त्यांनी धनसिंगाचे खांदे दाबले. "महाराज, कसाले घाबरतस? तुमनाच उपाय शे."

मी चिमट्याने विळा उचलला. खोटं का बोलू, त्या क्षणी मला तो टेकवायचा होता. ताईला जिथे टेकवला होता, अगदी तिथेच. पोटरीजवळ नेला, तशी त्याने बोंब ठोकली.

"सुई शे वं माय, सुई! हडळ-बिडळ काही नही!"

मी विळा पाण्यात टाकला. चर्र झालं. मग सुई त्याच्या हातात दिली आणि दुसऱ्या केळ्यावर करून दाखवायला लावलं. सालीच्या कडेतून सुई आत, डावी-उजवी फिरवली, बाहेर काढली. जरा खाली पुन्हा तेच. वरून साल अखंड, आत चकत्या. सुईच्या भोकावर थोड्या वेळाने काळा ठिपका उमटतो, तो शेंदराच्या बोटाने झाकायचा. एवढी त्याची सिद्धी.

माय उठली. बाळ लोटनकडे दिलं आणि धनसिंगासमोर उभी राहिली. "मन्ही ताई," एवढंच म्हणाली, आणि त्याच्या थोबाडीत दिली. आवाज वेशीपर्यंत गेला.

मी त्याला तेवढ्यावर सोडलं नाही. ज्या ज्या गावात त्याने केळं सोललं, तिथे तिथे नानांनी त्याला चावडीसमोर बसवलं, हातात सुई देऊन. शेवटी चोपड्याच्या बाजारात. पोरं ओरडायची, "महाराज, अजून एक कापा!" त्याने माझे पाय धरले. मी पाय मागे घेतले. माझ्या बहिणीनेही त्याचे धरले होते.

तानुला आम्ही जळगावला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळंतपणानंतर कित्येक बायकांना मनाचा असा आजार होतो. ती वेडी नाही, वाईट आईही नाही. झोपू द्या, खाऊ घाला, एकटी ठेवू नका, बोलू द्या. मला दाखवत राहा." जादू काहीच नव्हती. दिवस लागले, बरेच लागले. होळीच्या सुमारास एकदा तिने आपणहून बाळ मागून घेतलं.

तुमच्या घरची बाळंतीण रडत असेल, झोपत नसेल, बाळाकडे पाहत नसेल, जिवाचं बरंवाईट बोलत असेल, तर भगताचा उंबरठा झिजवू नका. डॉक्टर गाठा, त्याच दिवशी. आणि त्याआधी माझ्या मायने जळगावहून परतताना बैलगाडीत केलं तेवढं करा. तिने तानुचं डोकं मांडीवर घेतलं आणि विचारलं, "तुले काय व्हस वं, बेटा?"

ताईला हे कुणीच विचारलं नव्हतं.