उंबऱ्यावरची माफी

"मागू की वगळू?" फ्लोरियानबाबांनी हळूच विचारलं. "नुसती प्रार्थना म्हणतो नि उचलू या. कोण काय म्हणतंय?"

"मागा," क्लेमेन्स म्हणाला.

गावात कुणीही गेलं की शवपेटी घराबाहेर पडण्याआधी फ्लोरियानबाबा मेलेल्याच्या वतीने साऱ्यांची माफी मागत. लोक "देव माफ करो" म्हणत आणि मग पेटी तीनदा उंबऱ्याला टेकवून बाहेर नेत. भांडखोर, दारुडे, कोंबडीचोर, सगळे असेच सुटले होते. क्लेमेन्सच्या मुलाची, रोमानची गोष्ट वेगळी होती. जर्मनांशी लढाई होणार म्हणून सराव चालला होता, त्यात दोन लष्करी विमानं हवेत एकमेकांवर आदळली आणि दोन्ही वैमानिक गेले. पेटीसोबत आलेल्या अधिकाऱ्याने खाली बघत सांगितलं होतं, "वळण तुमच्या मुलानं चुकवलं."

क्लेमेन्सचा उभा जन्म रेल्वेचं फाटक लावण्या-उघडण्यात गेला होता. आपल्या हातून कुणाचा जीव गेला नाही, एवढीच त्याची मिळकत. आज सकाळीसुद्धा मालगाडीसाठी त्यानेच फाटक लावलं. लोकांना ते विचित्र वाटलं. त्याला काहीच वाटत नव्हतं. बायकोने पुढ्यात ठेवलेली भाकरी त्याने खाल्ली, पण ती कोरडी होती की ओली, हेही त्याला सांगता आलं नसतं.

शेजारची रोझालिया धापा टाकत आत आली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा तिचा स्वभाव.

"अगं बाल्बिना, ती आलीय! त्या दुसऱ्या पोराची आई, विटोल्डची! गाडीतून उतरतेय. दार लावून घेऊ?"

"कशाला? येऊ दे," क्लेमेन्सची बायको म्हणाली.

"आणि तिनं इथं तमाशा केला तर?"

"आता आणखी काय व्हायचं राहिलंय गं? सरक, तिला वाट दे."

काळी टोपी, काळे हातमोजे घातलेली ती बाई आत येऊन चुलीपाशी उभी राहिली. कुणी बस म्हटलं, तरी बसली नाही. फ्लोरियानबाबांनी घसा खाकरला.

"रोमान निघालाय. कुणाला टोचून बोलला असेल, कुणाचं काही बिघडवलं असेल, तर त्याला माफ करा."

"देव माफ करो," सगळे पुटपुटले. ती मात्र गप्प. फ्लोरियानबाबांनी रीत मोडून पुन्हा एकदा विचारलं. पुन्हा सगळे बोलले, ती नाही. क्लेमेन्स तिच्या ओठांकडे बघत होता. गावाची माफी त्याला नकोच होती, ह्या एका बाईची हवी होती. पण पोरगा गमावलेल्या आईकडे ती मागायची कुठल्या तोंडाने?

चौघांनी पेटी उचलली आणि दाराशी येऊन उंबऱ्याला टेकवली. आत काहीतरी सरसरत एका बाजूला घसरलं.

"अहो," बाल्बिना म्हणाली, "काय वाजलं हो आत?"

क्लेमेन्सला कळलं होतं, त्याने मान फिरवली. खांदेकरी एकमेकांकडे बघू लागले.

"वाळू आहे, बाई," चुलीपासून आवाज आला. "पोरांचं हाती फारसं काही लागलं नाही ना. वजनासाठी भरतात. विटोल्डच्याही पेटीत होती. काल मीसुद्धा असंच विचारलं, तर कुणी सांगेना."

बाल्बिना मटकन खाली बसली. ती बाई गर्दीतून पुढे आली. तिने हातमोजे काढले, पेटीखाली एका बाजूने दोन्ही तळवे लावले आणि खांदेकऱ्यांना म्हणाली, "सपाट धरा. सावकाश. त्या माउलीला परत ऐकू यायला नको."

क्लेमेन्सने समोरच्या बाजूने हात लावला. दोघांच्या मध्ये पेटी होती. एवढ्या जवळून तिचे सुजलेले डोळे त्याला दिसले आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याला रडू आलं. माफ केलं का, हे त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

दोघांनी मिळून पेटी दुसऱ्यांदा टेकवली. मग तिसऱ्यांदा, इतकी अलगद, की लाकूड उंबऱ्याला लागलं की नाही हे कुणालाच कळलं नाही.