आदल्या दिवसाची जखम

अस्वलाचं कातडं सोमवारी सकाळी आलं. मीठ चोळून, घडी घालून, ताडपत्रीत बांधलेलं. सुईबाईच्या धाकट्या भावाला जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते, आणि त्याला मारलं ते हेच अस्वल.

मास्तरांनी गठ्ठा दारातच अडवला. मेलेल्या जनावरांत पेंढा भरायचा हा कारखाना त्यांच्या वडिलांनी काढलेला. भिंतीवर काचेच्या डोळ्यांचे खण, मधे लांब टेबल, कोपऱ्यात कातडी भिजवायचा सिमेंटचा हौद.

"तू घरी जा," ते म्हणाले. "हे मी बघतो."

"तुमचा हात कापतो. मागच्या कोल्ह्याची भुवई कुठे नेऊन शिवलीत, आठवतंय ना? बिचारा आता जन्मभर आश्चर्य करत बसणार."

"सुईबाई, ही थट्टेची वेळ आहे का?"

"नाही. म्हणून तर म्हणते, हे कातडं मीच उघडणार."

बावीस वर्षं ती इथे शिवत होती. तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. तिने घातलेला टाका दिसत नाही, अशी ख्याती होती, आणि ख्याती खोटी नव्हती.

गठ्ठ्याला कागद जोडला होता. गिऱ्हाईक जुनंच, सिमेंटचा मोठा व्यापारी; कारखान्यात सगळे त्याला सिमेंटवाले साहेब म्हणत. कागदावर लिहिलं होतं: उभं करायचं. पंजे वर. जबडा पूर्ण उघडा, अंगावर धावून आल्यासारखा. आणि खाली, वेगळ्या शाईत: मागचं छिद्र दिसता कामा नये.

सुईबाईने ती ओळ दोनदा वाचली.

शिकारीच्या तळावरून जी हकीकत आली होती, ती अशी. सिमेंटवाले साहेब परवाना काढून अस्वलाच्या शिकारीला गेले. माग काढायला सुईबाईचा भाऊ. त्याला तळावर खालमान्या म्हणत, कारण तो सतत जमिनीकडे बघत चालायचा. सकाळी दोघं ओढ्याकाठच्या दाट झुडपात शिरले. खालमान्या नको इतका पुढे गेला, अस्वल त्याच्यावर आलं, आणि साहेबांनी दहा पावलांवरून, छातीत एकच गोळी घालून ते पाडलं. तोवर उशीर झाला होता. साहेब शूर ठरले. खालमान्या निष्काळजी ठरला. गुरुवारी अकरा वाजता चौकशी होती, आणि तळाच्या व्यवस्थापकाने खालमान्याच्या बायकोकडे एक छापील कागद धाडला होता: 'माझे पती स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू पावले हे मला मान्य आहे.' खाली सहीपुरती जागा मोकळी. तिने अजून सही केली नव्हती.

निष्काळजी! सुईबाईच्या कानात तो शब्द नऊ दिवस माशीसारखा घोंघावत होता. एकोणीस वर्षं तो माणूस अस्वलं, बिबटे आणि रानडुकरांच्या मागे गेला, आणि अंगावर एक ओरखडा नव्हता. शिकारीला आलेल्या पाहुण्यांना तो जनावरापासून वीस पावलांच्या आत घेऊन जायचा आणि त्याआधी गोळी झाडू द्यायचा नाही. "लांबून मारणारा मारत नाही, जखमी करतो," तो म्हणायचा. "जवळ जायचं तर जीव आपला टांगणीला लागतो. लागू दे. हौस आपली आहे, जनावराने बोलावलं नव्हतं."

हंगाम संपला की तो कारखान्यात यायचा. हात धुवायचा आणि वाळत घातलेली कातडी मागून-पुढून चाचपायचा. "एक छिद्र," तो म्हणायचा, "माणूस. दोन छिद्रं, घाईवाला. तीन असतील तर ताई, त्याला सांग, पुढच्या वेळी लाटणं घेऊन जा." शिकाऱ्याची परीक्षा तो अशी करायचा. कोणाबरोबर जायचं, कोणाबरोबर नाही, ते ठरवायचा.

तिने हौदाचा नळ सोडला, पण कातडं पाण्यात टाकलं नाही. आधी टेबलावर पसरलं, केसांची बाजू वर करून, आणि खिडकी पूर्ण उघडली.

छातीतलं छिद्र ठीक होतं. कडा स्वच्छ, आत नुसतं सुकलेलं रक्त. दुसरं मागे होतं, बरगड्यांच्या खाली, पोटाच्या कडेला. बाजूने, लांबून मारलेली गोळी. तिने भिंग घेतलं. छिद्राभोवती हातभर केस चपटे होऊन एकमेकांना चिकटले होते, सगळे एकाच दिशेने, कुणी पुन्हा पुन्हा ओला कुंचला फिरवावा तसे. मधे कुस्करलेला पाला आणि चिखल. तिने कातडं उलटलं. आतून ती जागा काळी पडली होती, पू धरून सुकली होती. केस ओढून बघितला तर मुळासकट हातात आला.

नळ वाहत होता. तिने तो बंद केला.

अस्वलाने ती जखम चाटली होती. एकदा नाही, रात्रभर. झुडपात पडून, पाल्याचा बोळा लावून, चाटत बसलं होतं. आणि मेलेलं अस्वल जखम चाटत नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "इकडे या."

मास्तरांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं, आणि भिंग घेऊन पुन्हा बघितलं. त्यांना समजायला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. समजलंय हे दाखवायला वेळ लागत होता.

"आदल्या दिवसाची," शेवटी ते म्हणाले.

"आदल्या दिवसाची."

"हौदात टाक, सगळं निघून जाईल." त्यांनी ते इतकं हळू म्हटलं, की सुचवताहेत की घाबरताहेत ते कळेना.

ती कातडं तसंच झाकून भावजयीकडे गेली. भावजय स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. तो छापील कागद फ्रिजवर चुंबकाने लावला होता, विजेच्या बिलाशेजारी.

"आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता का?"

"आला होता ना, वन्सं. रोजच यायचा."

"काय म्हणाला? जसंच्या तसं सांग."

"म्हणाले, साहेब मचाणावर एकटेच बसले होते. एक गोळी वाया घालवली, झाडात गेली म्हणाले." भावजयीने हात पुसले. "मी म्हटलं, तुम्ही जाऊन बघितलंत का? नेहमी बघता तसं, रक्त आहे का ते? तर हसले. म्हणाले, दुसरा कुणी असता तर कंदील घेऊन गेलो असतो. पण साहेबांच्या घरी मी बिबट्या बघितलाय. एका गोळीचा. ते चुकली म्हणतात, म्हणजे चुकली."

सुईबाई स्टुलावर बसली.

"काय झालं, वन्सं? पाणी देऊ?"

तिने मान हलवली. तो बिबट्या दीड वर्षापूर्वी तिच्याच टेबलावर आला होता. तीन छिद्रं. एक कुल्ल्यात, एक पंजात, एक मानेत. पंजाचं आणि कुल्ल्याचं तिने असं बुजवलं होतं, की मास्तरांनी स्वतः बोट फिरवून शाबासकी दिली होती. भाऊ कारखान्यात आला तोवर बिबट्या शिवून गेला होता, आणि ती भावाला काही बोलली नव्हती. कारखान्याचा नियमच होता: गिऱ्हाइकाच्या कातड्यात काय होतं, ते बाहेर जात नाही. वैद्याने रोग सांगू नये, तसं. बावीस वर्षं तिने तो पाळला होता, अभिमानाने पाळला होता. किती भेकडांच्या दिवाणखान्यात तिने किती शूर भिंती उभ्या केल्या होत्या, त्याची मोजदाद नव्हती. आणि त्यांतल्या एका भिंतीवर तिच्या भावाने विश्वास ठेवला.

"सही करू नकोस," ती म्हणाली. "मेलीस तरी करू नकोस."

बुधवारी दुपारी सिमेंटवाले साहेब आले. उंचापुरा, गोरटेला माणूस, आवाज मऊ. आधी मास्तरांशी बोलले, मग तिच्याकडे वळले. ती कोणाची बहीण आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. अशा लोकांना ते ठाऊक नसतं.

"बाई, जबडा मात्र जबरदस्त हवा. माझ्यासमोर होता ना तो, दहा पावलांवर. काय सांगू तुम्हाला! लोक लांबून दुर्बीण लावून मारतात, मला ते पटत नाही. समोरासमोर व्हायला हवं. जनावरालाही संधी मिळायला हवी. नीती असते त्यात."

"संधी कोणाकोणाला दिलीत?" सुईबाईने विचारलं.

"म्हणजे?"

"हे मागचं कधी लागलं?"

"ते... पडल्यावर. खात्री करायला एक घातली."

"पडल्यावर." तिने ताडपत्री बाजूला केली. "मग चाटलं कोणी? तुम्ही?"

मास्तरांच्या हातातला ब्रश खाली पडला. साहेबांनी कातड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"परवाना एका जनावराचा असतो," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "जखमी करून सोडलं, तरी तो परवाना संपला. कळवायचं असतं, मग सगळे मिळून, बंदुका भरून, सावध होऊन जखमी जनावर शोधतात. तुम्ही झाडात गेली म्हणालात. परवान्यातलं एकुलतं अस्वल हातचं जाऊ नये म्हणून. आणि सकाळी माग काढणाऱ्याला पुढे घातलंत, जखमेची गंधवार्ता न देता. अस्वलाच्या पोटात चरबी असते, छिद्र बुजतं, रक्त जमिनीवर सांडत नाही. खाली मान घालून चालणाऱ्यालाही दिसणार नाही. हे तुम्हाला माहीत होतं का, की ते तरी तुमचं नशीब?"

"तुम्ही कोण?"

"मी त्याची ताई."

साहेब मास्तरांकडे वळून म्हणाले, "कातडं माझं आहे. ते आत्ता मला परत द्या."

"द्या ना," सुईबाई म्हणाली. "पण मास्तर, त्याआधी मला कामावरून काढा, मला ह्या दारातून ढकलून बाहेर टाका, आणि मग द्या. माझ्या हातातून ते जाणार नाही."

मास्तर वाकले, ब्रश उचलला, पुसला, जागेवर ठेवला. वडिलांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक समोर उभं होतं.

"काम हातात घेतलंय, साहेब," ते म्हणाले. "अर्धवट काम आम्ही परत देत नाही. शुक्रवारी या." आणि त्यांचा हात खरोखरच फार कापत होता.

गुरुवारी ती आणि भावजय कातडं घेऊन बसने गेल्या. बसमध्ये कुणीतरी वास येतो म्हणालं. "येणारच," सुईबाई म्हणाली, आणि त्या माणसाने जागा बदलली.

चौकशी अधिकाऱ्याला सर्दी झाली होती. तिने गठ्ठा त्याच्या टेबलावर सोडला. मीठ त्याच्या कागदांवर सांडलं. त्याने रुमाल नाकाला लावला. पण तिने भिंग पुढे केलं तेव्हा मुकाट्याने घेतलं. माणूस वाईट नव्हता. वीस मिनिटं बघितलं, दोन माणसं बोलावून त्यांनाही दाखवलं, भावजयीने फोनचं सांगितलं ते उतरवून घेतलं. तळाचा व्यवस्थापक बाकावर बसल्याबसल्या बारीक होत गेला. सिमेंटवाले साहेब आले नव्हते. त्यांनी वकील पाठवला होता, आणि वकिलाला अस्वलाबद्दल काही माहीत नव्हतं.

अधिकाऱ्याने अहवालाचा मसुदा ओढला आणि 'निष्काळजीपणा' हा शब्द खोडला. भावजयीने तोंडावर पदर धरला.

"जखमी जनावराची माहिती दडवणं हा गुन्हा आहे," तो म्हणाला. "त्याबद्दल त्यांच्यावर कारवाई होईल. परवाना जाईल."

"आणि माझ्या भावाबद्दल?"

त्याने कागद उलटसुलट केले. "ते पोलिसांकडे. मी लिहून पाठवतो. पण आमच्या नियमात..." तो थांबला. "आमच्या नियमात अस्वलाच्या जखमेचं कलम आहे."

"वा," सुईबाई म्हणाली. "अस्वलाला तरी न्याय मिळाला."

अधिकाऱ्याने नाक पुसलं आणि पेन उचललं.

"शेवटचा प्रश्न. गोळी झाडात गेली म्हटल्यावर त्याने जाऊन बघायला हवं होतं. माग काढणाऱ्याचं ते कामच आहे. वकील तेवढंच धरून बसेल. का गेला नाही तो?"

भावजयीने तिच्याकडे बघितलं. फोनवरचं गोळीचं तेवढं तिने सांगितलं होतं, बिबट्याचं नव्हतं. आणि त्या बिबट्याचं पुढचं तर तिलाही ठाऊक नव्हतं. कारखान्याबाहेर कोणालाच नव्हतं. सुईबाईला मास्तरांचा कापणारा हात आठवला, बावीस वर्षांचा नियम आठवला, आणि हे बोलल्यावर शहरातला एकही शिकारी तिच्या टेबलावर कातडं ठेवणार नाही, हेही तिने नीट मोजलं.

"लिहा," ती म्हणाली. "साहेबांच्या घरी एक बिबट्या आहे. बघणाऱ्याला त्यावर एकच छिद्र दिसतं. माझ्या भावाने ते बघून त्यांच्यावर भरवसा टाकला. छिद्रं तीन आहेत. अस्तर उसवा, आतून दिसतील. दोन मी बुजवलीत."

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. "हे तुमच्यावर येईल, बाई. लिहायलाच हवं का?"

"माझ्या नावासकट लिहा," सुईबाई म्हणाली, आणि तिने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. भावजयीने ते इतक्या वर्षांत तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.