स्पीकिंगला साडेसात

परदेशी शिकायला जायचं तर इंग्रजीची जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात ढापणीला पहिल्या खेपेला स्पीकिंगमध्ये नऊपैकी सहा मिळाले ते तिच्या बापाच्या धंद्यापायी. बाप चष्म्याच्या काचा घासायचा. चष्म्याच्या दुकानात, मागच्या अंगाला पार्टिशनच्या आड, एक माणूस आणि एक यंत्र जेमतेम मावेल एवढ्या जागेत त्याची सव्वीस वर्षं गेली होती. पुढून डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी यायची, आणि हा पाण्याच्या धारेखाली काच घासघासून चिठ्ठीतल्या नंबराची करून द्यायचा. त्यामुळे घरात 'नंबर' या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. नंबर म्हणजे चष्म्याचा. ढापणीला सहाव्या वर्षीच उणे चारचा नंबर निघाला, तेव्हापासून ती ढापणी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर तेवढं राहिलं.

तर स्पीकिंगच्या परीक्षेत परीक्षक बाईंनी विचारलं, वडील काय करतात? ही म्हणाली, माय फादर मेक्स नंबर्स. बाईंना वाटलं, गृहस्थ आकडेमोडीतले दिसतात. त्यांनी कौतुकानं विचारलं, म्हणजे तुमच्या वडिलांना गणिताची आवड आहे वाटतं? झालं! ढापणी जी 'नो नो' करत सुटली ती थांबेचना. नो मॅडम, नॉट गणित, नंबर ऑफ आय. बाई गोंधळल्या, ही घामाघूम झाली. शेवटी नाकावरचा चष्मा काढून हिनं बाईंपुढे धरला आणि म्हणाली, आय हॅव नंबर, यू हॅव नो नंबर. सगळी मिळून बारा मिनिटांची परीक्षा, त्यातली चार बापाच्या नंबरात बुडाली. उरलेल्या आठात तोंडाला जी कोरड पडली ती पडलीच.

तिकडच्या विद्यापीठाला हवे होते सात. ऐकणं, वाचणं, लिहिणं या तिन्हींत हिला सात होते, घोडं अडलं ते बोलण्यात. डोळे तपासायच्या शिक्षणाला प्रवेश दिला आहे, असं पत्र येऊन पडलं होतं, पण खाली अट होतीच: पुढच्या महिनाअखेरपर्यंत चारही विषयांत सात दाखवा, नाहीतर जागा पुढच्याला जाईल. आणि त्या मुदतीच्या आत परीक्षेची तारीख उरली होती एक. त्या दिवशी सात आले तर पोरगी पार्टिशनच्या पुढे बसून चिठ्ठ्या लिहिणार. नाही आले तर काय, बापाच्या मागे आणखी एक स्टूल टाकायचं.

ती क्लासच्या सरांकडे गेली. टायरच्या दुकानावर त्यांचा क्लास होता. खाली हवा भरायचा पंप सुरू झाला की वर लिसनिंगची टेप ऐकू यायची नाही, तेव्हा सर म्हणायचे, परीक्षेत यापेक्षा अवघड येत नाही. त्यांना सगळे फाडफाड सर म्हणत. सरांनी नंबरची हकीकत ऐकली, पोट धरून हसले, आणि मग एकदम गंभीर झाले.

"परीक्षक म्हणजे बसमधला शेजारी," ते म्हणाले. "त्याला तुझ्या घरादाराशी काडीचं देणंघेणं नाही. तुझी जीभ चालते की नाही, एवढंच तो बघतो. त्यांनी तुझ्या बापाला गणिताचा प्रोफेसर केला ना, तर बाप प्रोफेसर! 'येस' म्हणायचं आणि त्यांनी दिलेला धागा धरून पुढे चालू पडायचं. खोटं बोलल्याचे मार्क कापत नाहीत. अडखळल्याचे कापतात."

हे तिनं वहीत लिहून घेतलं, आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग सराव सुरू झाला. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. एका बाजूला ढापणी, दुसऱ्या बाजूला बाप. बापाला इंग्रजीचं ओ का ठो कळत नव्हतं, पण त्यानं एक काम अंगावर घेतलं होतं. काचा ज्यात यायच्या त्या कागदी पाकिटांचा एक गठ्ठा तो घेऊन बसायचा आणि पोरगी जिथे जिथे 'अं' करेल तिथे तिथे पेन्सिलीनं एक रेघ ओढायचा. दोन मिनिटं झाली की पाकीट तिच्यापुढे सरकवायचा. पहिल्या दिवशी एकोणीस रेघा होत्या. ती म्हणायची, बाबा, मी विचार करत होते. तो म्हणायचा, विचार घरून करून जायचा.

खोटं बोलायला सुरुवातीला तिची जीभ रेटेना. पण सवयीनं काय होत नाही? तीन आठवड्यांत तिनं एक विमानप्रवास केला, दोन कुत्री पाळली आणि पोहण्यात पटाईत असलेला एक मामा जन्माला घातला. मामा फारच कामाचा निघाला. आवडती व्यक्ती विचारा, मामा. लहानपणीची आठवण विचारा, मामानं नदीत फेकलं. रेघा एकोणिसाच्या सातावर आल्या, साताच्या दोनावर. बाप पाकिटं ओळीनं खिडकीत लावून ठेवायचा.

आईचा विषय मात्र दोघांनीही कधी काढला नाही. आई इस्पितळात आया होती. सात महिन्यांमागे अंगावर ताप काढत काढत ती ज्या वॉर्डात कामाला होती त्याच वॉर्डात पेशंट म्हणून आडवी झाली, आणि आठव्या दिवशी गेली. सरावाच्या कार्डांत 'तुमच्या आईविषयी सांगा' असं एक कार्ड होतं. ढापणीनं ते गठ्ठ्याच्या तळाशी घातलं होतं. बापानं ते पाहिलं असणार, पण त्याला इंग्रजी वाचता कुठे येत होतं!

परीक्षेच्या दिवशी तिला चार नंबरच्या खोलीत बोलावलं. खोलीत टेबल, दोन खुर्च्या, एक रेकॉर्डिंगचं यंत्र आणि एक नव्याच परीक्षक बाई. बाई गोड होत्या, हे सांगायलाच हवं. त्यांच्यावर राग धरायला काही जागा नाही. त्यांनी राहता कुठे विचारलं, शिकता काय विचारलं. ढापणीची गाडी सुसाट निघाली. वडिलांचं विचारलं तेव्हा तिनं 'लेन्सेस' म्हटलं, नंबरचं नाव काढलं नाही. मनातल्या मनात तिनं स्वतःची पाठ थोपटली.

मग बाईंनी विचारलं, आणि आई?

आता 'डाइड' हा शब्द तिला येत नव्हता असं नाही. पहिलीतल्या पोराला येतो. पण आपल्याकडे माणूस मेला असं कोण म्हणतं? गेली म्हणतो, वारली म्हणतो, आणि चार शिकली-सवरलेली माणसं बसली असली की ऑफ झाली म्हणतो. सात महिने भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बापानं हेच सांगितलं होतं, की ती ऑफ झाली. मरण जिभेला टोचू नये म्हणून आपण इंग्रजी शब्द उसना घेतो, आणि ज्यांची ती भाषा त्यांना त्या शब्दाचा पत्ताच नसतो. ढापणीच्या तोंडून तोच बाहेर पडला.

"माय मदर इज ऑफ."

बाईंचा चेहरा खुलला. अरे वा, म्हणजे आज सुट्टी वाटतं त्यांना! मग सुट्टीत काय करायला आवडतं तुमच्या आईला?

ढापणीला आधी कळलंच नाही. मग कळलं. 'नो' म्हणायचं, तर पुढे सगळं सांगायला लागणार. ऑफ म्हणजे तसं नाही मॅडम, ऑफ म्हणजे हे. मग बाई सॉरी म्हणणार, मग हिला रडू फुटणार, आणि एकदा फुटलं की ते बारा मिनिटांत आवरणार नाही. त्या रडण्याचे सहा. सहा म्हणजे स्टूल. हा सगळा हिशेब तिनं एका श्वासात केला. माणसाची बुद्धी अशा वेळी किती लख्ख चालते, लाज वाटावी इतकी.

"येस," ती म्हणाली.

आणि चालू पडली. आई सध्या समुद्रावर गेली आहे. छोटीशी खोली आहे, खिडकीतून पाणी दिसतं. सकाळी दहापर्यंत झोपते. तिथे तिला कुणी हाक मारत नाही, कुणी बेल वाजवत नाही. उठली की चहा आयता मिळतो. मग पाण्यात पाय सोडून बसते, तिच्या पायांना सूज असते ना, खारं पाणी बरं. तिला पोहायला शिकायचं आहे, मामा शिकवणार आहे. बाई मान डोलवत होत्या. परत कधी येणार, त्यांनी विचारलं. ऑन संडे, ढापणी म्हणाली. बाई अगदी मनापासून म्हणाल्या, तुमच्या आईला ही विश्रांती मिळायलाच हवी होती. ढापणी म्हणाली, येस, शी इज व्हेरी हॅपी देअर. एकदाही 'अं' झालं नाही.

खरं काय होतं ते आता सांगतो. आईला आठवड्याला एक ऑफ असायचा. इस्पितळातही त्याला ऑफच म्हणत. ज्या दिवशी ढापणीचं नाव फाडफाड सरांच्या क्लासात घातलं, त्या दिवसापासून आईनं तो ऑफ घेतला नाही. दुसऱ्या आयांच्या बदली ड्यूट्या ती करायची, त्या ड्यूट्यांवर क्लास चालायचा. ताप आला तेव्हाही बदलीवरच होती. ढापणी म्हणायची, आई, आज तरी जाऊ नकोस. पण म्हणायची ती टेबलाशी बसून, कानात लिसनिंग लावून. उठून चपला लपवल्या असं काही तिनं केलं नाही.

बाहेर आल्यावर ती संडासात जाऊन ओकली. मग तोंड धुतलं, चष्मा पुसला आणि घरी गेली. बापानं विचारलं, कसं झालं? बरं झालं म्हणाली.

निकाल आला तो आठव्या दिवशी दुपारी. स्पीकिंगला साडेसात. चारही विषयांत हेच सगळ्यात जास्त. ढापणी आकड्याकडे बघत बसली. खरं बोलले असते तर सहा, तिच्या मनात आलं, आईच्या मरणाचे सहा आणि आईच्या सहलीचे साडेसात. तिला त्या कागदाची शिसारी आली. पण कागद फाडला वगैरे नाही. फाडतो कोण? तो घडी घालून पिशवीत टाकला आणि ती दुकानात गेली.

दुकानाच्या मालकांनी बातमी ऐकून चहा सांगितला. पोरीनं नाव काढलं म्हणाले. ती पार्टिशनच्या मागे गेली, तेव्हा बापानं यंत्र बंद केलं. सव्वीस वर्षांत त्यानं दुपारी यंत्र बंद केल्याचं मालकांनाही आठवत नसेल. त्यानं कागद हातात घेतला नाही, हात ओले होते. नुसता वाकून साडेसातचा आकडा पाहिला आणि विचारलं, कशावर बोललीस?

मामावर, असं सांगता आलं असतं. पण बापाशी खोटं बोलायचा सराव तिनं केला नव्हता.

"आईवर," ती म्हणाली.

बाप स्टुलावर टेकला. मग म्हणाला, बोलून दाखव. ती म्हणाली, बाबा, राहू दे ना. तो म्हणाला, एवढे दिवस मामाचं ऐकतोय, आता तिचं ऐकू दे की. मग तिनं तिथेच उभ्या उभ्या ते सगळं पुन्हा म्हटलं, इंग्रजीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाप मान खाली घालून ऐकत होता. 'मदर' आलं की त्याची मान हलायची. मध्येच त्यानं कोपरानं डोळे पुसले, कारण बोटांना काचेची भुकटी होती.

ती संपल्यावर तो म्हणाला, "संडे म्हणालीस. रविवारी काय?"

दुकानाच्या दारावर 'संडे क्लोज्ड' अशी पाटी होती, तेवढा शब्द त्याला ओळखीचा. ढापणीनं मग म्हटलेलं सगळं मराठीत करून सांगितलं, आणि ते का म्हटलं तेही. ऑफ म्हणाले, बाईंना सुट्टी वाटली, नाही म्हटलं असतं तर जागा गेली असती, म्हणून मी तिला समुद्रावर पाठवली. रविवारी परत येणार म्हणाले. हे मराठीत सांगताना ती दर दोन शब्दांना अडखळली.

बाप रागावेल असं तिला वाटलं होतं. थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असंही वाटलं. त्यानं तसं काही केलं नाही.

"दहापर्यंत झोपते म्हणालीस?" त्यानं विचारलं.

"हो."

"आणि कुणी हाक मारत नाही."

"नाही."

त्यानं यंत्राच्या खालची गढूळ पाण्याची बादली पायानं आत सरकवली. पलीकडे चहा आला होता, मालक ढापणीला हाक मारत होते.

"एक तरी ऑफ घेऊ द्यायला हवा होता आपण तिला," बाप म्हणाला.

तो 'आपण' म्हणाला, 'तू' म्हणाला नाही. पण आईनं ऑफ कुणासाठी सोडले होते, हे पार्टिशनमागे उभ्या असलेल्या दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.