वहिनीची मुलाखत

धाकटा दीर इंग्रजीचे क्लास घ्यायचा, पण वहिनीसारखी विद्यार्थिनी त्याला उभ्या जन्मात मिळाली नव्हती. ही बाई इस्त्री करता करता व्याकरण घोटायची! चादरीची घडी झाली की, "आय हॅव आयर्न्ड." पुढची पसरली की, "आय हॅव बीन आयर्निंग सिन्स मॉर्निंग." चुकली की जीभ चावायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

नवरा बोटीवर, आणि सासू अंथरुणाला खिळलेली. तिच्यासाठीच वहिनीने तीन वर्षांपूर्वी हॉटेलच्या लाँड्रीतली नोकरी सोडली होती. आता तिथेच सुपरवायझरची जागा निघाली होती आणि ती तिला मनापासून हवी होती. मुलाखत मात्र इंग्रजीत.

"वहिनी, आईच्या आजारपणाचं अवाक्षर काढायचं नाही," दिराने बजावलं. "नोकरी हातची जाईल."

"बघू," वहिनी म्हणाली. तिच्या 'बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता.

मुलाखतीला तो बाहेर बाकावर बसला. दार अर्धवट उघडं होतं. मॅनेजरबाईंनी नेमकं विचारलंच, तीन वर्षं काय करत होतात?

"आय हॅव बीन लुकिंग आफ्टर माय मदर-इन-लॉ," वहिनी न अडखळता म्हणाली. पुढे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगूनही टाकलं, की दुपारी अर्धा तास सासूला भरवायला घरी जावं लागेल.

दिराने कपाळावर हात मारला. काय ही बाई! पण वाक्य कसं खणखणीत बोलली!

"दुपारची सुट्टी नाही मिळायची," मॅनेजरबाई म्हणाल्या. "घरात दुसरं कुणी नाही?"

दिराला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सख्खी आई त्याची, आणि तीन वर्षांत त्याने तिला एक घास भरवला नव्हता. क्लास असायचा ना!

"माय ब्रदर-इन-लॉ," आत वहिनी कौतुकाने सांगत होती. "व्हेरी बिझी. ही हॅज टॉट मी इंग्लिश."

तो ताडकन उठला आणि दार ढकलून आत गेला. जगाला इंग्रजी शिकवणारा हा गडी, पण ऐनवेळी त्याला एक शब्द सुचेल तर शपथ.

"दुपारी मी भरवीन," तो मराठीतच म्हणाला. "माझी आई आहे ती."

मॅनेजरबाईंनी हसून समोरच्या कागदावरची दुपारच्या सुट्टीची नोंद खोडली. वहिनीने डोळे पुसले.

"रोज हं, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "आणि आधी फुंकर मारा. त्यांना गरम सोसत नाही."