शालूखालचा घाट

आमच्या कारळेवाडीचा घाट मी रोज संध्याकाळी घडी घालून ट्रंकेत ठेवायचो. बायकोच्या लग्नातल्या शालूच्या खाली, डांबरगोळ्यांच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर काढायचो, झटकायचो, आणि त्याच्यावरनं खाली उतरायचो.

पहिल्यापासनं सांगतो. मधी कुणी बोलू नका, माझा धागा सुटतो.

मी हैबती. पाववाला. पाव, बटर, खारी, टोस्ट. भट्टी खाली फाट्यावर आणि वाडी वर माळाला. दुपारी सायकल घेऊन उतरायचं, ताजा माल भरायचा, दिवस कलताना वर चढायचं. सकाळी पायीच वस्त्यावस्त्यांवर पोंगा वाजवत विकायचं. सगळा जन्म त्यात गेला, आणि वाईट गेला असं नाय.

घाटाला वळणं. खाली चिंचेचं वळण, मग म्हसोबाचं, मग करवंदीचं, आणि सगळ्यात वर, वाडीच्या तोंडाला, घसरणीचं वळण. तिथं रस्ता असा उभा होतो की भरलेली सायकल एकट्याला रेटतच नाय. म्हणून अंजिरा, म्हणजे आमची मंडळी, रोज दिवस कलला की तिथवर खाली येऊन उभी राहायची. मी तिच्यापाशी आलो की नुसतं "हं" म्हणायचो. ती मागनं कॅरियरला हात लावायची. मी हँडल धरून पुढं, ती मागं.

घरात आमचं बोलणं म्हणजे मीठ संपलं, शेळी सुटली, बास. जे काय खरं बोलायचं ते त्या चढावर. एकमेकांचं तोंड दिसत नाय ना, मग बोलायला बरं पडतं. पोरीचं लग्न तिथंच ठरवलं आम्ही. थोरलं पोरगं गेलं तेव्हा रडलो ते पण तिथंच, मी पुढं, ती मागं, आणि सायकल दोघांनी पण थांबवली नाय. ती म्हणायची, "तुमचं तोंड एकवेळ विसरंन मी, पाठ नाय विसरायची."

मग माझे गुडघे गेले.

"बॅटरीची घ्या आता," अंजिरा म्हणाली. "आणि घडीची घ्या. ट्रंकेत मावंल अशी. ह्या शेळीनं सायकलीच्या दोन शिटा खाल्ल्यात."

दोघं तालुक्याला गेलो. दुकानात चपला दारात काढल्या आणि गादीवर बसलो. सायकली भिंतीच्या फळ्यांवर घड्या घालून रचलेल्या, रंगावार. शेठनं एक ओढली, हवेत झटकली, आणि ती सरसर उलगडत आमच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. चाकं, घंटी, सगळं जागच्या जागी.

"ह्यात पोपटी येईल, मोरपंखी येईल," शेठ म्हणाला. "ही अंगाला हलकी. ही जरा जड, पण कार्यात उठून दिसते."

"कार्यात कशाला? पाव वाहायचेत," मी म्हणालो.

"बघून घ्या काका. घेतलीच पायजे असं नाय."

अंजिरानं दांडी चिमटीत धरली, चोळून बघितली, उजेडाकडं तोंड करून परत बघितली. "आटती का?"

"पहिल्या पावसात थोडी. मग नाय."

शेठनं अजून एक झटकली, तर तिच्यातनं एक आंब्याचं झाड आणि उताराचा लाल रस्ता भस्सकन गादीवर पडला. झाडाखाली एक म्हातारा चिलीम ओढत बसला होता. त्यानं आमच्याकडं बघून मान हलवली. शेठनं घाईघाईनं ती परत गुंडाळली. "ही गिऱ्हाईकाची हाय," म्हणाला. "दुरुस्तीला आलीय."

अंजिरानं आमसुली रंगाची काढली. बॅटरी दांडीत, मधी एकच बिजागरी, वरती खटका. शेठनं बांधून देताना सांगितलं, "एकाच घडीवर ठेवू नका. अधनंमधनं घडी बदला, नायतर घडीवर विरतं."

"म्हायती हाय मला," अंजिरा म्हणाली. तिचा शालू ती दर दिवाळीला उलगडून दुसऱ्या अंगानं घडी घालती. मला वाटलं, बायकांच्या गोष्टी.

पहिल्या दिवशी काय चढली म्हणता! माल भरलेला, आणि मी नुसता बसलेलो. चिंच गेली, म्हसोबा गेला, करवंदी गेली. घसरणीच्या वळणावर अंजिरा पदर खोचून, हात तयार ठेवून उभी. मी तिच्या बाजूनं सुळ्ळकन वर. हात केला तिला, पोंगा पण वाजवला. मागनं ती चालत आली तवर मी चहा टाकला होता.

"हातात काय आलंच नाय," ती म्हणाली आणि तळहात बघत बसली.

मी खटका दाबला, सायकलीची घडी घातली. बाहेर बघतो तर अंगणाच्या काटेरी कुपाटीच्या पल्याड भट्टीचं धुराडं. रस्ता सायकलीबरोबर घडीत आला होता. मेंढराच्या लोकरीला कुसळ लागून यावं, तसा. ट्रंकेत ठेवला. दुसऱ्या दिवशी सायकल उलगडली तसा तो पण उलगडला, धुराडं परत खाली गेलं. फक्त चिंचेचं वळण काय बाहेर आलं नाय. घडीतच राहिलं.

वाडीला आनंद झाला. शेजारची कोंडाबाई म्हणाली, "बरं झालं, माझ्या पायाला ते वळण कधी मानवलंच नाय." तिचा दीर राऊ रोज संध्याकाळी येऊन ट्रंकेशी बसायचा. "तात्या, जरा दाबून घाला की घडी. खालचा दवाखाना तेवढा अलीकडं येऊ द्या, मग राहिलं."

"ये, तूच बस ट्रंकेवर. तुझं वजन कामाला येईल."

बसला की!

म्हसोबाचं वळण गेलं. करवंदीचं गेलं. शालूला शेंदूर लागायला लागला, घडीत करवंदं सापडायला लागली. ट्रंक उघडली की गार वारा यायचा, आणि दुपारी घाट पसरला की सगळ्या घाटाला डांबरगोळ्यांचा वास. लोकं भट्टीवर पायात चपला न घालता जायला लागली. भट्टीवाला सकाळी खाकरला की आमच्या घरात शेळी दचकायची. घरं पण सरकली. कोंडाबाईचं दार उघडलं की आमचं लागायचं.

घसरणीचं वळण तेवढं राहिलं. घडी तिथंच पडायची, बरोबर बिजागरीवर. आणि तिथं रस्ता विरायला लागला. आधी डांबर फिकं झालं, मग पातळ, मग मलमलीसारखं. सायकल वरनं जाताना खाली दरी दिसायची, आणि दरीत, माझ्या चाकांच्या खाली, घार फिरताना दिसायची.

"घडी बदला," अंजिरा म्हणाली.

"बिजागरी एकच हाय. दुसरीकडं मोडत नाय."

"मग घालूच नका काही दिवस. पसरू द्या."

"आणि शेळी?"

तिनं शेळीचं दावं आखूड बांधलं. पण दिवस कलला की वळणावर जायची ती जायचीच. आता जायचं म्हणजे काय, दारातनं निघालं की चार ढांगांवर वळण. तरी पदर खोचून उभी. विरलेल्या जागी, एका बाजूला, हलक्या पायानं.

एकदा मी जाताजाताच म्हणालो, "अगं, आता ढकलायचं काय राहिलंय?"

"बोलायचं राहिलंय," ती म्हणाली.

"घरी बोल की!"

तिथं थांबलो तर बॅटरी लई खाती, म्हणून मी तसाच वर. घरी आल्यावर विचारलं, काय बोलायचं होतं? ती चुलीपुढं बसली होती. माझ्या तोंडाकडं बघितलं तिनं, बराच वेळ. मग म्हणाली, "मीठ संपलंय."

त्याच्यानंतरची संध्याकाळ. भट्टीवर माल भरला, पोंगा दाबला, तो आमच्या घरात वाजला. बसलो, बॅटरी चालू केली, वळणावरनं गेलो. अंजिरा उभी होती. तिनं हात पुढं केला, कॅरियरला तिची बोटं लागलेली मला कळली. तवर मी दारात.

रोज मी सायकल भिंतीला लावायचो, ती मागनं यायची, मग घडी. त्या दिवशी शेळी दावं तोडून आलेली. शिटेला तोंड लावलंच तिनं. मी शेळीला एक ठेवून दिली, पटकन खटका दाबला, घडी घातली, ट्रंकेत टाकली. झाकण बसंना. वर बसलो. बसलं.

"अंजिरा, चहा," मी म्हणालो.

कोंडाबाईनं तिच्या चुलीपाशी बसल्या बसल्या आमच्या घरात डोकावलं. "ती कुठाय? तुम्हाला ढकलायला गेली की आत्ताच."

मी दारात गेलो. उंबऱ्याला लागून भट्टीची भिंत होती. हात लावला, कोमट होती. मधी वाट नव्हती, वळण नव्हतं, बोटभर माती पण नव्हती.

ट्रंक उघडली. शालू बाजूला केला. सायकलीचा खटका दाबला, दाबला, दाबला. हलंना. घडीला कान लावला, तर आत वारं वाहत होतं आणि लई लांब बांगड्या वाजत होत्या.

सायकल काखेत मारली आणि दुकानात गेलो. भट्टीच्या पल्याड आता तालुक्याचं ते दुकानच येऊन लागलं होतं. शेठ फळ्या लावत होता. त्यानं सायकल गादीवर घेतली, घडीवरनं बोट फिरवलं, उजेडात धरली.

"विरलीय," तो म्हणाला. "ओढून उलगडली तर फाटंल."

"आत माणूस हाय."

"असतंय."

"बायको हाय माझी!"

त्यानं मान वर करून बघितलं. "त्याच होत्या ना, दांडी चोळून बघणाऱ्या? त्यांना कळत होतं." मग सायकल माझ्याकडं सरकवली. "बॅटरी काढून टाका. पयल्यासारखा माल लादा. आणि चालून मोकळी करा, पायानं. जेवढं चालाल तेवढी सुटंल."

"कुठं चालू? घाट आत हाय."

"चालल्याशिवाय बाहेर कसा येईल? उठा काका, दिवाबत्ती करायचीय."

बॅटरी त्याच्या गादीवरच सोडली. अंगणात आलो. अंगण म्हणजे आता चटईएवढं. घडी घातलेल्या सायकलीच्या कॅरियरला पावाचं पोतं बांधलं, दोन्ही चाकं एकमेकाला चिकटलेली तशीच हँडलाला धरली आणि रेटायला लागलो. भिंतीपर्यंत गेलो, वळलो. कुपाटीपर्यंत आलो, वळलो.

कोंडाबाई बघत होती. "तात्या, काय करताय हो?"

"घाट चढतोय."

"कुठला?"

"आपलाच."

ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. "मग मधी पाणी प्या. गुडघे दुखतेत का?"

"नाय अजून."

"मग लांब हाय अजून," ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. दुखायला पायजे होतं. चिंच जिथं असायची तिथं मी डावीकडं वळलो, आणि उजवा गुडघा चमकला. बिजागरी कुईं वाजली. चाकं एकमेकांपासनं सुटली, बोटभर. पायाखाली माती जरा उंच झाली. परत पाऊल टाकलं, परत उंच. म्हसोबाशी दम लागला, आणि नाकात शेंदूर आणि डांबरगोळ्या. करवंदीला काटा टोचला पोटरीला. मला इतकं बरं वाटलं त्या काट्यानं, काय सांगू. कोंडाबाईचं दार मागं राहिलं, मग खाली राहिलं. भट्टीवाल्याचा खाकरा लांब गेला. पाठीला वारा लागला. सायकल अर्धी उघडली होती आणि माझ्या हातात लंगडत चालत होती, माझ्यासारखीच.

मग पोतं जड झालं. घसरणीचं वळण आलेलं गुडघ्यांनी आधी सांगितलं.

खाली बघितलं. रस्ता मलमलीचा. त्याच्या खाली घार, तिच्या खाली दरी. सायकल थांबली. पुढं रेटंना. मागं वळून बघावं असं लई वाटलं, पण त्या चढावर मान वळली की हँडल वळतं, आणि हँडल वळलं की सगळा माल दरीत. ते मला अंजिरानंच शिकवलेलं. लग्नाच्या वर्षी.

मी "हं" म्हणालो.

टाचेखाली एक धागा तुटला. तट्. जरा वेळानं दुसरा. मी हँडल धरून तसाच उभा राहिलो. वारं पडलं.

मागं बांगड्या वाजल्या, आणि कॅरियर हलकं झालं.

"बोल," मी म्हणालो, आणि पाऊल पुढं टाकलं, जिथं रस्ता सगळ्यात विरला होता तिथं.