पलीकडचा डोळा

फ्रेमवाल्या नविनभाईने फोटो उलटसुलट करून पाहिला आणि परत काउंटरवर ठेवला. "बेन, वर्षश्राद्धाला साइडचा फोटो कोण लावते? सामेचा आणा ने."

"हाच लावायचाय," वसुमती म्हणाली.

वासुदेवांचा समोरून काढलेला फोटो नव्हता असं नाही. आधार कार्डावर होता, पण त्यात ते फोटोवाल्यावर डोळे वटारून बसले होते. हा चिखले गावच्या किनाऱ्यावरचा फोटो तिने स्वतः काढला होता. "अहो, इकडे बघा ना," ती म्हणाली होती. "बघतोय," म्हणत हे गृहस्थ समुद्राकडेच बघत राहिले. जन्मभर डहाणूच्या शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. ओहोटी दिसली की त्याला बायको दिसत नसे.

वसुमतीचा अभ्यास जुन्या जैन पोथ्यांमधल्या चित्रांचा. पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रांत तोंड एका बाजूला वळलेलं असतं, तरी पलीकडचा डोळा चेहऱ्याच्या बाहेर, चक्क हवेत काढलेला असतो. त्या डोळ्यावरून नवरा-बायकोचं कायम वाजायचं.

"प्रकाश सरळ रेषेत जातो, वसू. तो डोळा इथून दिसणारच नाही."

"दिसत नसेल, पण असतो ना? त्या लोकांची श्रद्धा असेल, की दोन्ही डोळ्यांनी बघितल्याशिवाय बघणं पुरं होत नाही."

"श्रद्धेने हवेत डोळे उगवत नाहीत," असं म्हणून ते चिकू सोलायला घ्यायचे आणि पहिली फोड तिच्याच हातावर ठेवायचे. या चित्रांवरच्या आपल्या पुस्तकात मात्र तिने हात राखून लिहिलं, की या डोळ्याचं कारण खात्रीने सांगता येत नाही.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी लेकीने, निशिगंधाने, फोटो भिंतीला लावला. वसुमती त्याच्यासमोर उभी राहिली. मग डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, पार दारापर्यंत गेली. कुठूनही ते तिच्याकडे बघेनात. वर्षभर तिचा जीव एवढ्याचसाठी तुटत होता, की त्यांनी एकदा वळून बघावं.

पोथीतली चित्रं उतरवायचा बारीक कुंचला तिने आणला. नाकापलीकडे, चिखल्याच्या आभाळावर, काचेवरच एक लांबट डोळा काढला आणि शेवटी त्यात बुबुळ भरलं.

हार घेऊन आलेली निशिगंधा दारातच थबकली. "आई, हे काय केलंस? बाबा असते तर किती हसले असते!"

"हसू देत," वसुमती म्हणाली. "हसताना तरी इकडे बघतील."