पुढच्या पाइपाचा जोड

ताईने पॉलिश पेपरचा चौथा तुकडा फाडला आणि जावईबापूंच्या जोडावर असा काही घासायला घेतला, की जणू त्यांचं नाकच हातात सापडलंय.

जावईबापू म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वेल्डर. चौकापलीकडे त्यांचं दुकान. आणि जोड म्हणजे बाबांच्या जुन्या हिरव्या सायकलीला, सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या पाइपावर, त्यांनी दोन वर्षांपूर्वी मारलेला पितळाचा जोड. सायकलीचं दुखणं असं, की पायडल मारलं की कट्, पुन्हा मारलं की कट्, आणि हँडल जरा सैल सोडलं की डावीकडे ओढ. ताईने बेअरिंगचे छर्रे बदलले, दोन्ही चाकांचा आउट काढून ती सरळ केली, पुढच्या चाकाचा चिमटा उतरवून पुन्हा बसवला. तरी कट्. मग राहिली फ्रेम. आणि फ्रेमला हात लागला होता कुणाचा, तर जावईबापूंचा. ताईला इतका आनंद झाला की तिने जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही.

“रंगाला हात लावू नकोस म्हटलं होतं,” बाबा स्टुलावरून म्हणाले.

“रंग काढल्याशिवाय आतलं दिसणार कसं?”

“नाही दिसलं तर नाही. जावईबापूंकडे टाक. त्यांच्या हाताला गुण आहे.”

झालं. गॅसचं काम सोडलं तर अकरा वर्षं ती हे दुकान एकटी चालवत होती. डोळे मिटून चाक सरळ करायची. पण बाबांच्या तोंडून कधी नुसतं ‘बरं झालं’ निघालं असेल तर शपथ. आणि जावईबापूंनी एकदा, एकदाच हं, हँडलला घंटी बसवली, तर बाबा गिऱ्हाइकाला थांबवून म्हणाले होते, “बघा, काय बसवलीय.” घंटी. दोन स्क्रूंची घंटी.

बरं, माणूस वाईट असता तर सोपं तरी गेलं असतं. पण तो येणार तो ताईसाठी चहा घेऊन येणार, फळीवरची धूळ फुंकून बसणार आणि म्हणणार, “ताई, तुम्ही आहात म्हणून हे दुकान आहे.” अशा माणसाचा राग करायचा तरी कसा? ताई करायची. मन लावून करायची.

तर रंग निघाला. आणि खाली जोड कसा, तर मधासारखा. पितळ सगळीकडे सारखं पसरलेलं, कुठे खड्डा नाही, कुठे गुठळी नाही. ताईने भिंग लावून पाहिलं. भिंगाखाली तो आणखीच छान दिसायला लागला. अंगाचा नुसता तिळपापड.

“वरून दिसतं छान,” ती पुटपुटली, “पण फ्रेम वाकवून ठेवली असणार.”

तिने दोरी काढली. चाकं उतरवून, मागचं चाक बसतं तिथल्या एका खाचेला बांधली, पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेला आणून ताणली, आणि सीटखालच्या पाइपापासून दोन्हीकडचं अंतर पट्टीने मोजलं. फ्रेम वाकडी असेल तर दोन्ही बाजूंना फरक येतो. डावीकडे सव्वीस मिलीमीटर. उजवीकडे सव्वीस. तिने दोरी सोडून पुन्हा बांधली. सव्वीस, सव्वीस. तिसऱ्यांदा तर पट्टी बदलून मोजलं.

“किती?” बाबांनी विचारलं.

“मागचं ठीक आहे.” एवढं बोलायला तिला दात उघडावे लागले.

“मग झालं तर. ठेव आता खाली.”

पण ठेवते कसली. मागे नाही तर पुढे. तिने फ्रेम आडवी केली, पायडलच्या जागेवर पाय रोवला आणि पुढची नळी दोन्ही हातांनी दाबली. कट्. आवाज पुढूनच. मग पाना घेऊन एकेक पाइप वाजवत गेली. वरचा दांडा, ठण्. सीटचा पाइप, ठण्. खालचा पाइप, ठण्, ठण्, आणि नळीला भिडतो तिथे, खालच्या अंगाला, थप्.

“पोरी,” बाबा म्हणाले. “राहू दे.”

तिने स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खरवडलं. हिरवा रंग गेला, खाली निघाली पुट्टी. पुट्टीचा खपला पडला आणि आत चीर. पाइपाला पाऊणभर वेढा घातलेली चीर. आणि चिरेत पितळाच्या गुठळ्या, चिखलात पडलेल्या पावसासारख्या कुठेही, कशाही, आणि त्यांच्याखाली काळा गंज.

जोड मारायच्या आधी पाइप घासायचं काम या दुकानात तिचं असायचं. बारा वर्षांची होती तेव्हापासून. ती कानस मारून पाइप चकचकीत करायची, टाकणखार लावायची, मग बाबा गॅसची ज्योत धरायचे. तिने घासलेल्या पाइपावर गंजाचा ठिपका राहिला असता तर बाबांनीच परत घासायला लावला असता. म्हणजे हा जोड तिला न सांगता मारलेला. ती दुकानात नसताना.

“कधी केलंत हे?” तिने विचारलं. मागे वळली मात्र नाही.

“गॅस विकला ना, त्याच्या आदल्या आठवड्यात. तू चुलतभावाच्या लग्नाला गेली होतीस. हात हलायला लागले होते. म्हटलं, बघू होतं का. नाही झालं. मग पुट्टी भरली.”

“आणि त्याच सायकलीवर चार वर्षं हिंडताय? पाइप तुटला असता तर तोंडावर पडला असतात, बाबा.”

“पडलो नाही ना.”

“मला का नाही सांगितलं?”

“जावई काय, बाहेरचा माणूस. बघेल, जोडेल, विसरेल.” बाबांनी लुंगीवरचा नसलेला धागा झटकला. “तू विसरली नसतीस.”

खरं म्हणजे जिंकली होती ती. दोन वर्षांपूर्वी हीच फ्रेम जावईबापूंच्या हातात होती आणि त्यांना हे दिसलं नव्हतं. तिला दिसलं. चौकात ओरडून सांगावं असं होतं. तिने फ्रेम खांद्यावर घेतली, कारण गॅस आता फक्त त्यांच्याकडेच होता. “मी येतो,” म्हणत बाबाही निघाले.

जावईबापू चष्मा कपाळावर चढवून धावत आले, बाबांसाठी खुर्ची पुसली, ताईच्या खांद्यावरून फ्रेम घेतली. “अरे वा, काय पकडलंत ताई! मी तर मागचंच बघत बसलो होतो तेव्हा.”

हे ऐकायला ताई बहिणीच्या लग्नापासून, सात वर्षं थांबली होती. आत कुठेतरी गार वाटायला लागलं होतं, तेवढ्यात ते वाकले, चीर उजेडात धरली आणि मोठ्याने हसले.

“हे कुणाचं काम? गंजावरच पितळ ओतलंय येड्याने. ज्याने कुणी केलंय ना, त्याच्या हातात परत गॅस देऊ नये.”

बाबा खुर्चीत बसले होते. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

“मी केलंय,” ताई म्हणाली.

जावईबापूंचं हसू तोंडातच राहिलं. “तुम्ही?”

“शिकत होते. बाबा दुकानात नव्हते. वरून पुट्टी मारली, म्हणजे कळणार नाही.”

“अहो, मग चालायचंच,” ते घाईघाईने म्हणाले. आणि माणूसच चांगला ना तो, तिला वाईट वाटू नये म्हणून समजावायलाच बसले. “सगळ्यांचं होतं तसं पहिल्यांदा. रागावू नका हं ताई, पण आधी पाइप साफ करायचा असतो. पार चकाकेपर्यंत. नाहीतर पितळ धरत नाही. इकडे या, दाखवतो.”

त्यांनी कानस घेतली आणि सावकाश, लहान मुलाला अक्षर गिरवून दाखवावं तशी एकाच दिशेने ओढून दाखवली. कोन चुकत होता. जरा उभी धरायला हवी होती.

ताई त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. खुर्चीतून बाबा आपल्याकडे बघतायत हे तिला न बघताही कळत होतं.

“असं?” तिने विचारलं, आणि त्यांनी धरली होती तशीच, चुकीच्या कोनात, कानस धरली.

“अगदी बरोबर,” जावईबापू म्हणाले.